बिनमिठाची बिस्किटं

"मीठ घालायला विसरलीस का गं, धाकटे?" असं म्हणून नणंदेनं अर्धं चावलेलं बिस्किट बशीच्या कडेला ठेवलं.

धाकटी चहा गाळत होती. माहेरी ती तिघींत धाकटी, म्हणून ते नाव. सासरी ती एकुलती एक सून, तरी नाव तेच चिकटलं, आणि आता पन्नाशी उलटल्यावर ते सोलून काढायचं कोणाच्या मनातही येत नव्हतं. "अहो ताई, ती ठकीची आहेत," ती म्हणाली. ठकी म्हणजे कुत्री. तांबूस रंगाची, एक कान कायमचा पडलेला, थोराड हाडाची म्हातारी कुत्री, जी आत्ता टेबलाखाली नवऱ्याच्या पायावर हनुवटी ठेवून झोपली होती. धाकटीला वाटलं नणंद हसेल. कुत्र्याचं बिस्किट चुकून खाल्लं तर माणूस हसतो, निदान थू थू करतो, आणि मग सगळेच हसतात. नणंद हसली नाही. तिनं रुमालानं ओठ टिपले, जाळीवर निवत ठेवलेल्या बिस्किटांकडे पाहिलं, ओव्हनकडे पाहिलं, मग टेबलाखाली. "कुत्रीसाठी," ती म्हणाली. निवृत्त होईपर्यंत ती मुख्याध्यापिका होती आणि कोणतंही वाक्य ती मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असंच बोलायची. "लाटून, कापून, भाजून. आईसाठी कधी एवढं केलं असतंस ना, तर आणखी चार दिवस जगली असती बिचारी."

नवरा चहात साखर ढवळत होता. विरघळली तरी ढवळत राहिला. "चहा गार होतोय," तो म्हणाला.

त्यावर धाकटीनं काय केलं? नणंदेला चहा दिला, दुसऱ्या डब्यातली माणसांची बिस्किटं काढून दिली, जिन्यापर्यंत पोचवायला गेली, "सावकाश जा हं ताई, दुसऱ्या पायरीला कड तुटलीय" असंही म्हणाली. आणि दार लावून आत आली, बशीतलं ते अर्धं बिस्किट उचलून ठकीपुढे धरलं. उत्तरं मग आली. मोरीशी कप विसळताना एक आलं, ओटा पुसताना दुसरं आलं, आणि सगळीच कशी धारदार, एकेक असं की नणंद जागच्या जागी गार झाली असती. पण ज्याला द्यायची तो माणूस बसमध्ये बसून निघून गेलेला. वरात गेल्यावर आलेल्या वाजंत्र्यांसारखी ती उत्तरं तिच्या डोक्यात वाजत राहिली. ती बाहेर आली. नवरा त्याच्या कलत्या मेजावर वाकून बसला होता. तो शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचा, फुलाचा उभा छेद, बेडकाचं हृदय, कानाच्या आतला शंख. "ऐकलंत ना, ताई काय म्हणाल्या ते?" तिनं विचारलं. "ऐकलं," तो म्हणाला. "तिचा स्वभाव तुला माहितीये. आई जाऊन दोन महिनेसुद्धा झाले नाहीत. जाऊ दे." आणि पेन्सिलीला टोक काढू लागला.

जाऊ दे! या दोन शब्दांवर त्या घराचे खांब उभे होते. त्यानं कधी आवाज चढवला नाही, कधी कोणाचं वाईट चिंतलं नाही, सगळे म्हणायचे तुझा नवरा म्हणजे गाय आहे गाय. आणि ती गाय गोठ्यात शांतपणे रवंथ करत असताना धार कोण काढतं, शेण कोण उचलतं, शिंग कोणाला लागतं, हे कोण विचारतो? तिला वाटलं, आत्ता या क्षणी तो म्हणाला असता की ताई चुकली, फक्त एवढंच, तिच्यासमोर नाही, माझ्यासमोर, चार भिंतींच्या आत, तरी माझा राग निम्मा झाला असता. पण तो टोक काढत होता. लाकडाच्या पातळ चकत्या कागदावर पडत होत्या आणि त्या चित्रावर पडू नयेत म्हणून तो कागद त्यानं मुद्दाम खाली अंथरला होता. इतका काळजी घेणारा माणूस!

चार दिवस. हा कुठला हिशोब? सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला त्याला सहा वर्षं झाली होती. उजवा हात गेला, जीभ गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे गिळणं गेलं. हे कोणाला सांगून कळत नाही. हात गेला तर दिसतो, वाचा गेली तर ऐकू येत नाही म्हणून कळते, पण गिळणं गेलेला माणूस खुर्चीत बसलेला चांगला दिसतो. घास तोंडात जातो आणि आत गेल्यावर वाट चुकतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक कण श्वासाच्या नळीत गेला तर न्यूमोनिया, पाणीसुद्धा दाट करून पाजा. म्हणून सहा वर्षं त्या घरात मिक्सर फिरत होता. भाजी, भात, डाळ, फळ, सगळ्याचा लगदा, सगळं एका रंगाकडे सरकणारं. धाकटी चमच्याच्या टोकावर घेऊन भरवायची, हनुवटी खाली दाबून धरायची, "गिळा, आता गिळा, आणखी एकदा गिळा" म्हणायची, गळ्याची घाटी वर जाऊन खाली येताना डोळ्यांनी बघायची, मगच पुढचा चमचा. एका जेवणाला तास लागायचा. आणि ऑफिसला जायच्या आधी एक, आल्यावर एक, मधलं नवरा भरवायचा. सासूबाई पूर्वी शिवणशाळेत शिकवायच्या, तोंडाच्या फटकळ. झटक्याआधी त्यांनी सुनेचं जे एकमेव कौतुक केलं होतं ते असं: "धाकटीच्या हाताला चव नाही, पण हात धुतलेले असतात." त्या हाताच्या बेचव लगद्यावर त्या सहा वर्षं जगल्या. त्यांच्या नजरेत शेवटी शेवटी काय होतं, माया की वैताग की निव्वळ भूक, हे धाकटीला सांगता आलं नसतं. पण तिनं चमचा पुढे केला की त्या तोंड उघडायच्या. बाकी कोणापुढेही इतक्या विश्वासानं नाही.

आणि ही नणंद महिन्यातून एका रविवारी यायची. तासभर. हातात केकचा डबा. बेदाणे घातलेला, वरून तुपकट चकाकणारा केक, तिचा स्वतःचा, शाळेच्या स्नेहसंमेलनात नावाजलेला. धाकटीचे डोळे त्या डब्यावरून हलायचे नाहीत. एकदा नणंदेनं केकचा तुकडा मोडून आईच्या तोंडाशी नेला होता. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि डाव्या हातानं तिचा हात असा ढकलला की तुकडा जमिनीवर पडला. नवरा धावत आला, बशी उचलून घेऊन गेला, म्हणाला, "आईला हल्ली गोड नको झालंय, ताई." धाकटी तेव्हा दारात उभी होती. नणंदेचा चेहरा तिनं पाहिला होता. त्यावेळी तिला वाटलं, बरं झालं. जमिनीवरचा तो तुकडा उचलून धाकटीनं कचऱ्यात टाकला.

सासूबाई गेल्या तेव्हा मिक्सर धुवून वरच्या फळीवर गेला. घर इतकं शांत झालं की नळाची गळती ऐकू यायला लागली. आणि ठकीनं खाणं सोडलं. ती सासूबाईंची कुत्री. पायाशी बसून उरलेला लगदा वाटीतून चाटायची. तिचंही पोट सहा वर्षं त्याच वाटीवर होतं. आता वाटी नाही, खुर्ची रिकामी, आणि ती खुर्चीसमोर बसून राहायची. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं की वय झालंय, मूत्रपिंडं थकलीत. मीठ बंद. बाजारातलं काही नको. मटण अगदी बेताचं. "आणि कांदा, चॉकलेट, बेदाणे हे चुकूनसुद्धा नाही. कुत्र्यांना बेदाणे विषासारखे, आणि हिला तर दोन-चारसुद्धा पुरतील." नवरा शेजारीच उभा होता, त्यानं मान डोलावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी काही भाजून बघा, कडक, वास येईलसं.

धाकटीनं जन्मात काही भाजलं नव्हतं. ओव्हन घरात होता, तोही नणंदेचाच जुना. नवीन घेतला तेव्हा तिनं हा "तुम्हाला चालेल" म्हणून पाठवला होता आणि त्यात आजवर जास्तीची पातेली ठेवली जायची. पहिल्या खेपेची बिस्किटं कोळशासारखी झाली. दुसऱ्या खेपेची आत कच्ची. मग तिला जमत गेलं: उकडून कुस्करलेला लाल भोपळा, तांदळाचं पीठ, थोडी कणीक, अंड्याचा पांढरा भाग, तेलाचा हात. मीठ नाही, साखर नाही. पोळीपेक्षा जाड लाटायचं, औषधाच्या बाटलीच्या बुचानं गोल कापायचं, मंद आचेवर भाजायचं आणि मग ओव्हन बंद करून आतच वाळू द्यायचं. त्या दिवशी घरभर एक खरपूस, मातकट वास पसरला. ठकी खुर्चीसमोरून उठली. स्वयंपाकघरात आली, नाक वर केलं. धाकटीनं फरशीवर बसून एक बिस्किट तळहातावर धरलं. ठकीनं ते हुंगलं, दातात घेतलं, मान वाकडी केली आणि चावलं.

कडाक.

धाकटी तशीच बसून राहिली. आवाज. तिनं केलेल्या अन्नाचा आवाज. सहा वर्षं तिनं जे रांधलं त्याला आवाज नव्हता. ते वाहायचं, सरकायचं, हनुवटीवरून ओघळायचं, टिपलं जायचं. आणि आता हे जनावर दाढांखाली धरून कडाकड फोडत होतं, भुगा सांडत होतं, भुगा चाटत होतं, आणखी मागत होतं. तिनं दुसरं दिलं, तिसरं दिलं. नवरा दारात येऊन म्हणाला, "अरे वा, खातेय की." तिनं मान वर केली नाही. तिला तो आवाज ऐकायचा होता. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काय होतं? पण हेच ते उत्तर होतं, हे तिला रविवारी मोरीपाशी कळलं. आईसाठी का नाही केलंस? अहो, चावता येत असतं तर डोंगर भाजून घातला असता.

सोमवारी ती कामावर गेली ती हे सगळं डोक्यात घेऊनच. नगरपालिकेच्या पाणी खात्यात ती तक्रारींच्या टेलिफोनवर होती. लांबट खोली, ओळीनं मेजं, प्रत्येकीच्या कानाला यंत्र, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची राखाडी भिंत. दिवसभर लोक तिच्या कानात ओरडत. नळाला गढूळ पाणी येतं, नळाला पाणीच येत नाही, रस्ता खणून ठेवलाय, तुम्ही लोक झोपता का. तिनं म्हणायचं, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." हे ती झोपेतही म्हणू शकली असती. नवीन आलेल्या मुली रडायच्या, तेव्हा ती त्यांना सांगायची, अगं, ते तुझ्यावर ओरडत नाहीत, नळावर ओरडतात. नळाला कान नाहीत म्हणून तुझे घेतलेत. पण त्या सकाळी तिला वाटलं, सगळं जग आपापल्या नळावरचा राग माझ्याच कानात का ओततं? आणि माझा मी कुठे ओतू? त्याला कोणता नंबर लावायचा?

दुपारी एका माणसाचा फोन आला. पाण्याला वास येतो म्हणाला. तिनं पत्ता विचारला. तो म्हणाला, पत्ता मागच्या वेळी दिला होता. तिनं पुन्हा विचारला. "बाई," तो म्हणाला, "तुम्हाला काय कळणार म्हणा. तुमच्या घरी कोणी आजारी नसेल. जीव लावून कोणाचं केलं असतंत तर कळलं असतं."

पुढचं तिनं नंतर आठवून बघितलं तेव्हा तिला स्वतःचा आवाज परका वाटला. "काय म्हणालात?" ती म्हणाली. "पुन्हा म्हणा. तुम्ही कधी कोणाला भरवलंयत का हो? चमच्यानं? की नुसते फोन करता? सहा वर्षं करून बघा. सहा वर्षं करा आणि मग मला सांगा जीव कसा लावतात ते. पाण्याला वास येतो ना? उकळा! उकळा आणि प्या! माझ्या घरात पाणीसुद्धा दाट करून पाजत होते मी!" खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. पलीकडून तो माणूस अगदी वेगळ्या, बारीक आवाजात म्हणाला, "सॉरी, मॅडम," आणि फोन ठेवला. आणि, खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं. घट्ट बूट काढल्यावर वाटतं तसं.

पर्यवेक्षिका शेजारच्या काचेच्या खोलीतून आली. चांगली बाई होती. तिनं धाकटीच्या कानाचं यंत्र स्वतःच्या हातानं काढलं. "आज घरी जा," ती म्हणाली. "लेखी वगैरे काही करत नाही मी. पण आज जा. उद्या बोलू." इतक्या वर्षांत धाकटी उन्हात कधी घरी गेली नव्हती. रस्ते तिला अनोळखी वाटले. दुकानांच्या सावल्या भलत्याच बाजूला पडलेल्या. तिनं ठरवलं, घरी जायचं, ओव्हन लावायचा, नवी खेप भाजायची, आणि नवऱ्याला समोर बसवून एकदाच काय ते बोलायचं. दार उघडलं तर आत बिस्किटांचा वास नव्हता, ते साहजिकच. पण नखांचा टकटक आवाजही नव्हता. कुलपात किल्ली फिरली की ठकी फरशीवरून येत असे.

"ठकी कुठाय?"

नवऱ्यानं चष्मा वर केला. "तू लवकर?"

"ठकी कुठाय म्हणते मी."

"ताई आली होती. घेऊन गेली. म्हणजे, दोन-तीन दिवसांसाठीच. म्हणाली, आईची तेवढीच आठवण उरलीय, मला राहू दे थोडी." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "रडत होती गं. मला नाही म्हणवेना."

"आणि बिस्किटांचा डबा?"

"डबा राहिला." तो ओट्याकडे बघून म्हणाला. "ताई म्हणाली, मी काय उपाशी ठेवणारे का तिला. घरी ताजा केक केलाय म्हणाली."

धाकटीच्या डोळ्यांपुढे तो केक आला, कापलेल्या बाजूला काळे ठिपके. "अहो," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला, "डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे होता. बेदाणे चालत नाहीत, हे तुम्ही ताईंना सांगितलंत?"

त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "तिच्या केकला नावं ठेवल्यासारखं झालं असतं. आधीच काल... मला वाटलं, मागाहून फोन करून हळूच सांगीन."

"केलात?"

"करणारच होतो."

तिनं फोन उचलला, नंबर फिरवला. वाजत राहिला, नणंद दुपारी फोनची वायर काढून ठेवते हे तिला आठवलं. पर्स खांद्यालाच होती. "थांब, मीपण येतो, चप्पल घालतो," नवरा मागे म्हणत होता. ती थांबली नाही. खाली आली, मिळेल ती टॅक्सी पकडली. शहर हळूहळू सरकत होतं, प्रत्येक सिग्नल तिच्यासाठीच तांबडा होता, आणि तिच्या आत एकच गोष्ट गरगरत होती: नावं ठेवल्यासारखं झालं असतं. म्हणजे एकीकडे जीव आणि दुसरीकडे केकची अब्रू, आणि या माणसानं तराजू हातात घेऊन विचार केला, आणि म्हणाला, बघू मागाहून. चांगला माणूस! सगळ्यांना सांभाळून घेणारा! सांभाळून घेतो म्हणजे काय करतो? इकडचं तिकडे कळू देत नाही. तिकडचं इकडे कळू देत नाही. मध्ये उशी होऊन पडून राहतो, आणि उशीखाली कोणाचा श्वास कोंडला तर त्याला ऐकू येत नाही.

नणंदेनं दार उघडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर धाकटीनं कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. आनंद. गालांवर लाली आली होती. "ये, ये," ती म्हणाली. "खाल्लं! धाकटे, माझ्या हातचं खाल्लं तिनं! आधी बघेना, मग मी खाली बसले, हातावर धरलं, आणि खाल्लं गं!" एवढी मोठी, सरळ पाठीची बाई, गुडघ्यावर साडीला धूळ लागलेली.

"किती?"

"अं? दोन तुकडे. का?"

"कधी?"

"आत्ताच की. अर्धा तास झाला असेल नसेल. अगं, झालं काय?"

ठकी टेबलाखाली होती. शेपटी हलली, पण उठली नाही, आणि तोंडातून लाळेची तार लोंबत होती. धाकटीनं तिला उचलायला हात घातले. ती जड होती. "ताई, बेदाणे कुत्र्यांना विष असतात. धरा तिकडून. शाल आणा." नणंदेचा चेहरा उतरला तो बघायला धाकटीला वेळ नव्हता. नणंदेनं खुंटीवरची शाल ओढली, चांगली लोकरीची, ती कोणाला हात लावू देत नसे अशी, तिच्यात कुत्रीला गुंडाळलं, आणि दोघी दोन टोकं धरून जिना उतरल्या. खाली उतरताना दोघींचे श्वास एकमेकींना ऐकू येत होते. टॅक्सीत नणंद एकदाच बोलली. "मला काय माहीत," ती म्हणाली. मुख्याध्यापिकेचा आवाज नव्हता तो.

डॉक्टरीणबाईंनी ठकीला आत घेतलं, ओकारी व्हायचं औषध टोचलं, दार लावलं. "वेळेवर आणलंत," तेवढं म्हणाल्या, "पण हिची मूत्रपिंडं आधीच अशी. सलाईन लावते. रात्र काढू दे, मग बघू." ठकी त्यातून वाचली, पुढे हिवाळाभर जगली, हे नंतरचं, त्या दुपारी त्या दोघींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या बाकावर बसल्या. भिंतीवर मांजरांच्या लसींचं चित्र होतं. समोर एक माणूस झाकलेला पिंजरा मांडीवर घेऊन बसला होता आणि त्यातून मधूनमधून पोपट शीळ घालत होता. आतून ठकीच्या ओकण्याचा आवाज आला. दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं.

बोलायची वेळ हीच होती. मोरीपाशी आलेली सगळी उत्तरं धाकटीच्या जिभेवर रांग लावून उभी होती. चार दिवस म्हणालात ना काल? मोजा आता. ती वळली. तेवढ्यात नणंद समोर बघत, कोणाला उद्देशून नाही अशी बोलायला लागली.

"आईला माझ्या हातचं नकोच असायचं. लहानपणापासूनच. शिवण चुकलं की उसवायला लावायची. आणि शेवटी तर... तू होतीस ना तेव्हा? हात झटकला तिनं माझा. केक खाली पाडला. तुझ्या हातचं मात्र सगळं खायची. मी यायच्या आत तुम्ही तिचं जेवण उरकून टाकायचात. वाटायचं, मुद्दाम. मला साधं भरवायलासुद्धा द्यायचं नाही. म्हणून म्हटलं, ही तरी खातेय का बघावं."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "ताई," ती हळूच म्हणाली, "आईंनी हात का झटकला होता तसा, ते... तुम्हाला यांनी काय सांगितलं होतं?"

"हेच. गोड नको झालंय. तोंडाची चव गेलीय. लहरी झालीय." नणंदेनं पदर सारखा केला. "का? आणखी काय?"

धाकटीला एक कागद आठवला. पहिल्या महिन्यात नवऱ्यानं काढलेला. घशाचा उभा छेद, एक नळी निळी, एक तांबडी, मध्ये ते पानासारखं झाकण, आणि बाणांनी दाखवलेलं, घास कुठे जायला हवा, कुठे जातो. डॉक्टरांचं सगळं बोलणं त्यानं त्या चित्रात इतकं स्वच्छ उतरवलं होतं की धाकटी ते बघूनच भरवायला शिकली. ते चित्र फ्रिजवर लावलेलं असे. आणि महिन्यातून एका रविवारी, सकाळी, तो ते काढून खणात ठेवायचा. "ताईला बघवणार नाही," म्हणायचा. "ती मनाला लावून घेईल." तिनं त्याला कधी अडवलं नव्हतं. तिला वाटे, चित्र बघवणार नाही. गोष्ट तर सांगितलीच असेल. कोण सांगणार नाही? सख्ख्या मुलीला कोण सांगणार नाही?

ती सांगायला तोंड उघडणार होती. शब्द अगदी दातांपर्यंत आले. आणि तिथेच तिनं ते थांबवले. एक नवा, थंड, स्वच्छ राग तिच्यात चढत गेला, आदल्या दिवसाच्या रागासारखा कापरा नाही. हेही मीच करू? लगदा मी करू, तोंड मी पुसू, टोमणा मी ऐकू, टॅक्सी मी पकडू, आणि आता ही सहा वर्षांची गाठही मीच माझ्या नखांनी सोडवू, म्हणजे तो येईल तेव्हा सगळं मोकळं झालेलं असेल आणि त्याला नुसतं म्हणता येईल, जाऊ दे? "थांबा, ताई," ती म्हणाली. "त्यांना येऊ दे."

तो आलाच, नणंदेच्या घरी कोणी सापडेना तेव्हा सरळ इथे. हातात कागदी कपांचा ट्रे, तीन चहा, एकही थेंब न सांडू देता दार पाठीनं ढकलून आत. दोघी बाकावर शेजारीशेजारी बसलेल्या बघून त्याला हायसं वाटलेलं दिसलं. "कशी आहे?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता, "होईल, बरी होईल. घ्या, आधी चहा घ्या. झालं ते झालं. चूक कोणाचीच नाही. ताई, तू वाईट वाटून घेऊ नकोस. धाकटे, तूही... जाऊ दे आता."

कोणीच कप घेतला नाही. पोपटानं शीळ घातली.

"नाही," धाकटी म्हणाली.

"काय नाही?"

"आईंना केक का चालत नव्हता, ते ताईंना सांग."

लग्नाला एवढी वर्षं झाली, ती त्याला कधी 'सांग' म्हणाली नव्हती. सांगा, बसा, ऐकताय ना. तो एकेरी शब्द बाकावर पडला तेव्हा तिघांनाही तो ऐकू आला. पिंजऱ्याचा माणूसही इकडे बघायला लागला. नवऱ्यानं हसायचा प्रयत्न केला. "ही काय जागा आहे का? घरी गेल्यावर—"

"हीच आहे. सांग तू."

"काय सांगायचंय?" नणंदेनं विचारलं. तिची नजर एकाकडून दुसरीकडे गेली. "काय आहे रे?"

तो उभा होता, ट्रे दोन्ही हातांत धरून, ठेवायला जागा नाही अशा माणसासारखा. जागा होती, शेजारची खुर्ची रिकामी होती. "ताई, आईला," त्यानं सुरुवात केली, "म्हणजे आईचं असं होतं की, डॉक्टर म्हणाले होते, तिला..." आणि तो थांबला. आणि सवयीनं त्यानं धाकटीकडे बघितलं. तो असाच बोलायचा. वाक्य अर्ध्यावर सोडून तिच्याकडे बघायचा आणि उरलेलं ती भरायची, दुकानात, पाहुण्यांत, डॉक्टरांपुढे, टेलिफोनवर. शब्द तिच्याकडे तयार होता. एकच शब्द. तिला त्याच्या कपाळावरचा घाम दिसला, चष्म्यामागचे घाबरलेले डोळे दिसले, आणि तिला त्याची कीव आली, खरंच आली. तिनं हात मांडीवर ठेवले आणि तोंड मिटून बसली.

"तिला गिळता येत नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. घास अडकून ती गेली असती. ती तुझा हात म्हणून... तिला भीती वाटायची, ताई. मी तुला सांगितलं नाही. तुला त्रास होईल म्हणून सांगितलं नाही."

ट्रेमधले कप एकमेकांवर आपटून बारीक वाजत होते. नणंद उठली, आपल्या भावापुढे जाऊन उभी राहिली. त्याच्यापेक्षा ती बोटभर उंच होती, हे धाकटीच्या आज प्रथमच लक्षात आलं.

"सहा वर्षं?" तिनं विचारलं.

तिनं ते त्याला विचारलं होतं. आणि उत्तर द्यायला तो एकटाच होता.